पडायचे काम माझे

मित्रांनो, मी एक जुना बाहुला आहे. शूटिंगवाले मला डमी म्हणतात. सिनेमात उंचावरून माणूस पडताना दिसतो ना, तो पुष्कळदा माणूस नसतोच. माझ्यासारखा कोणीतरी असतो. माझी हाडे लाकडाची, मांस भुशाचे, आणि गुडघ्यांत दाराच्या बिजागऱ्या. मला रडता येत नाही. पण जे पाहिले ते भुशात मुरून बसले आहे, आणि कितीही झटकले तरी निघत नाही.

माझा जन्म एका स्टुडिओच्या शिवणखोलीत झाला. तेव्हा तेथे एका गुप्तहेराचा चित्रपट तयार होत होता. त्याचे पुढे भागांवर भाग निघतील, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. त्याच्या शेवटी खलनायक हॉटेलच्या गच्चीवरून खाली पडतो. त्या पडण्यासाठी मी हवा होतो.

मला शिवले ताईने. ती शिवणखोलीची मुख्य कारागीर. मापासाठी तिने आपल्या नवऱ्यालाच समोर उभे केले. त्याचा धंदाही पडण्याचाच होता. घोड्यावरून, जिन्यावरून, धावत्या मोटारीतून तो नटांच्या जागी पडे, आणि इतका अलगद पडे की सगळे त्याला पारवा म्हणत.

"अहो, हलू नका. बाही लांडी होईल," ताई दटावत होती.

"हुबेहूब माझ्यासारखा झाला, तर एक दिवस चुकून यालाच जेवायला वाढशील."

"वाढेन की! हा निदान मिठाला नावं तरी ठेवणार नाही."

शेवटचा टाका घालून तिने दोरा दातांनी तोडला आणि मला भिंतीशी बसवले. "तुमच्याच मापाचा, म्हणजे तुमचा भाऊच झाला. आजपासून हे माझे भावोजी." त्या दिवसापासून सारा स्टुडिओ मला भावोजी म्हणू लागला.

पारव्याची एक सवय होती. पडल्यावर तो लगेच उठत नसे. आधी मूठ उघडून पाचही बोटे पसरी. ती ताईसाठी खूण होती. 'मी ठीक आहे' एवढाच तिचा अर्थ. ताई हातावर जादा कोट घेऊन खाली उभी असे, आणि मूठ उघडेपर्यंत तिचा श्वास अडकलेला असे.

शूटिंगच्या दिवशी मला गच्चीवरून पुन्हा पुन्हा ढकलले. दिग्दर्शकांचे काही समाधान होईना. "पोतं पडल्यासारखं दिसतंय. पडणारा माणूस जीव वाचवायला बघतो. हा बघतच नाही."

खरेच होते ते. वाचवायला माझ्याजवळ जीवच नव्हता.

"मी पडतो ना, त्यात काय!" पारवा म्हणाला. त्याने माझ्या अंगातला राखाडी कोट काढून स्वतः घातला. कोट बरोबर बसला, बसणारच. खाली रिकामी खोकी रचून त्यांवर गाद्या टाकल्या होत्या. तेवढ्यात वारा सुटला.

"वारा पडू दे, मग बघा," ताई म्हणाली.

"तोवर ऊन जाईल," कोणीतरी म्हणाले.

मला भिंतीला टेकवून ठेवले होते. मला मान फिरवता येत नाही, म्हणून मी सगळे पाहिले. कोटात वारा भरला, पारवा तिरपा झाला आणि गाद्यांच्या कडेपलीकडे आदळला. कॅमेरा चालू होता. त्याची मूठ हलली. एक बोट उघडले, मग दुसरे. तिसरे अर्ध्यावर आले आणि तिथेच राहिले.

पारवा घरी गेला नाही. ताईने त्यानंतर स्टुडिओत पाऊल ठेवले नाही. घरीच लोकांचे कपडे शिवू लागली. तो सिनेमा तर तिने कधीच पाहिला नाही.

तो तुकडा चित्रपटात राहिला. पडणारा कोण, हे प्रेक्षकांना कोणी सांगितले नाही. त्यांना तो हात फार आवडला. खलनायक मरता मरता काय मागत होता? क्षमा? की तिजोरीची किल्ली? लोक वाद घालू लागले. मग दुसऱ्या भागाच्या शेवटीही तसाच अर्धवट हात ठेवला, आणि थिएटरात शिट्ट्या वाजल्या. पुढे ती रीतच पडली. प्रत्येक भागात, मागच्या भागांची आठवण म्हणून, कोणीतरी पडे आणि त्याची मूठ अर्धीच उघडे.

त्या भागांत मीच पडलो. माझ्या बोटांना दोरा बांधत आणि आडोशाला बसून तो ओढत. माझे कौतुक झाले. लोक हार घालत, माझ्याशेजारी बसून फोटो काढत. पण मित्रांनो, विचार करा. माप पारव्याचे, कोट पारव्याचा, आणि तो आपल्या बायकोला जे सांगता सांगता राहिला, ते मी दरवेळी अर्धेच सांगत होतो. ऐकणारी समोर नव्हती.

पुढे पडण्याचे काम संगणक करू लागले. मला गोदामात टाकले. एका बाजूला लाकडी तोफ, दुसऱ्या बाजूला कापडी झाडे. माझ्या बोटांचा दोरा दाराच्या कडीत अडकून राहिला होता. वाऱ्याने दार हलले की माझी बोटे हलत. राखणदाराने ते एकदा पाहिले, आणि तेव्हापासून तो दाराबाहेरूनच "सगळं जागेवर आहे" असे मोठ्याने म्हणून परत जाई.

मग एके दिवशी दार सताड उघडले. त्या चित्रपट-मालिकेचा नवा भाग निघणार होता, आणि नवा दिग्दर्शक लहानपणापासून तिचा वेडा. त्याला पहिल्या भागाला मानाचा मुजरा करायचा होता. तेच हॉटेल, तोच कोट, तेच पडणे. तेही संगणकाशिवाय, खऱ्या माणसाचे. मला पाहून तो लहान मुलासारखा हरखला. मला काचेच्या कपाटात बसवायचे, म्हणजे जुने चाहते ओळखतील, असे त्याने ठरवले. माझी डागडुजी करायला त्याने ताईला शोधून काढले.

ताई आली. केस पांढरे, चष्मा जाड. तिने माझ्या तोंडावरची धूळ पदराने पुसली. "भावोजी, किती वाळलात हो," ती हळूच म्हणाली, आणि फाटलेल्या खांद्यात भुसा भरू लागली.

दिग्दर्शक मोठ्या कौतुकाने संगणकाचा छोटा पडदा घेऊन आला. "मावशी, हे बघा. ही आपली परंपरा!" त्याने सगळ्या भागांतले हात एकापुढे एक जोडले होते. पहिला हात उघडला, अर्ध्यावर थांबला. मग दुसरा. मग तिसरा.

"थांबव ते," ताई म्हणाली. सुई तिच्या बोटात घुसली होती.

"काय झालं, मावशी?"

"पहिला हात कोणाचा, माहीत आहे?"

"खलनायकाचा... म्हणजे त्या नटाचा."

"माझ्या नवऱ्याचा. बरा आहे, असं मला सांगत होते ते. पाच बोटं उघडायची होती. जमलं नाही. आणि तुम्ही इतकी वर्षं तेवढंच गिरवत बसलात?"

दिग्दर्शकाने पडदा उपडा ठेवला. "आम्ही लहानपणी हेच खेळायचो," तो पुटपुटला. "कट्ट्यावरून पडायचं आणि हात असा करायचा."

कोपऱ्यात नटाच्या जागी पडणारा नवा उडीवाला माझा तो राखाडी कोट घालून पाहत होता. "मावशी, आता गाद्या चांगल्या असतात. दोरही असतो. काही होत नाही."

"घरी कोण असतं तुझ्या?"

"आई."

"मग कोट काढ."

"पण मावशी, माणूस पडल्याशिवाय ते खरं वाटत नाही," दिग्दर्शक म्हणाला.

"नको वाटू दे. पडायला हे आहेत ना! यांना मी पडण्यासाठीच शिवलंय, काचेत मिरवायला नाही. आणि ती खूण लोकांची नव्हती, माझी होती. ती मला परत दे."

मग दिग्दर्शकाने उडीवाल्याच्या हातून कोट घेतला आणि स्वतः माझ्या अंगात चढवला. ताईने माझ्या बोटांचा दोरा कापून टाकला आणि मूठ मिटवून दुहेरी धाग्याने शिवली.

भर दुपारी मी पडलो. दणकून पडलो. खांदा उसवला, भुसा उधळला, मान मोडली. दिग्दर्शकाने पडद्यावर पाहिले. "पोतं पडल्यासारखं दिसतंय," तो म्हणाला, आणि जरा थांबून, "असू दे."

चित्रपट लागल्यावर चाहते रुसले म्हणे. हात का उघडला नाही?

मित्रांनो, जुन्या वस्तू नेहमी 'आम्हाला जपा' म्हणतात. मी उलटे सांगतो. मला जपू नका. मला ढकला, आपटा, फाडा. भुसा पुन्हा भरता येतो. पण पडद्यावर कोणी पडला आणि तुमचे हात टाळ्यांसाठी उठले, तर आधी शेजारच्याला विचारा, 'पडला तो कोण होता? तो उठला का?'

त्या दुपारी शूटिंग लवकर आटोपले. उडीवाला डबा काखेत मारून, शीळ घालत, आपल्या पायांनी फाटकाबाहेर गेला. तो वळणाआड दिसेनासा होईपर्यंत मी त्याच्याकडे पाहत होतो. माझी मान नेमकी त्याच बाजूला मोडली होती.