साबूत गुडघे

नियम झेंडाने काढला. झेंडा म्हणजे तिघी मैत्रिणींतली पुढारी; उंच, आणि चालताना कायम सगळ्यांच्या पुढे, म्हणून हे नाव. शाळेच्या जिन्यात तिने जाहीर केलं, "शनिवारी बागेत फोटो! गुडघ्यावर फाटलेली जीन्स घालायची. जिचे गुडघे साबूत, तिने फोन धरायचा आणि बाकीच्यांचा फोटो काढायचा."

गोटी खिदळली. दोराही खिदळली, पण तिची जीन्स होती नवीकोरी. आज फोटोतून बाहेर, तर सोमवारी बाकावरून बाहेर, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा?

दोरा हे नावही झेंडाचीच देणगी. मुलगी काटकुळी आणि वडील रफूवाले. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार. वडील खिडकीपाशी बसून लोकांच्या कपड्यांची भोकं अशी बेमालूम बुजवायचे, की आपलाच कोट घ्यायला गिऱ्हाईक कचरायचं. काम करता करता गुणगुणायचे आणि मध्येच म्हणायचे, "देवाने कातडीला स्वतःचं रफू स्वतः करायला शिकवलं. कापडाला शिकवायचं तेवढं विसरला, म्हणून आपली चूल पेटते. त्याच्या विसरण्यातसुद्धा दया आहे बघ!"

अशा घरात नवीकोरी जीन्स फाडायची, म्हणजे वैद्याच्या घरात मुद्दाम आजारी पडायचं. पण कळपात शिरायचं म्हटलं की माणूस आधी स्वतःलाच कातरतो. वडील आंघोळीला गेलेले पाहून दोराने त्यांचीच कात्री दोन्ही गुडघ्यांवर चालवली आणि घाईघाईत जीन्स पडद्यामागच्या खुर्चीवर टाकून शाळा गाठली. तिथेच घात झाला. त्या खुर्चीवर रफूला आलेले कपडे पडत.

घरी येते तो वडील जीन्स घेऊन दारातच!

"पडलीस आणि सांगितलं नाहीस? मी काय वाघ आहे? बघू गुडघे." त्यांनी गुडघे नीट निरखले. "नशीब, खरचटलंसुद्धा नाही. हे घे. आता भोक शोधून दाखव."

आतल्या शिवणीतले धागे काढून त्यांनी ते असे विणले होते, की भोकाचा मागमूस नव्हता. 'मीच कापली' हे शब्द दोराच्या ओठांपर्यंत आले आणि आल्या वाटेने परत गेले.

शनिवारी ती खिशात कात्री घालून निघाली. बागेच्या कोपऱ्यावर थांबली. बाबांच्या कामाला धक्का लागायला नको, रफू सोडून बाजूला कापावं, असा तिचा हिशेब. पण रफू होतं कुठे? बोटं फिरवली, वाकून पाहिलं, नखाने खरवडलं. काही नाही. सगळ्या जीन्सभर बापाचाच हात फिरल्यासारखा वाटायला लागला.

"देवा, आता कापू तरी कुठे?" ती स्वतःशीच म्हणाली, आणि तिला हसूच फुटलं. कात्री खिशातच राहिली.

"आल्या बघा साबूतबाई!" गोटी लांबूनच ओरडली.

झेंडाने फोन पुढे केला. "धर."

"नाही धरणार." दोराने हात पाठीमागे नेले. "मी कापली होती. बाबांनी रफू केलं. आता पुन्हा मला कापवत नाही. मी अशीच फोटोत येणार. चालत नसेल तर तसं सांगा, मी जाते घरी."

"थापाडी! कुठाय रफू?"

दोघी वाकून शोधायला लागल्या. गोटीने तर गुडघ्याला नाकच टेकवलं.

"ए, बघतेस की वास घेतेस?"

"खरंच दिसत नाही गं! आणि हिचे गुडघे कसले उबदार आहेत. माझ्या गुडघ्यांचा बर्फ झालाय."

"पुरे झालं तुमचं!" म्हणत झेंडा ऐटीत कठड्यावर मांडी घालायला गेली आणि टर्रर्र! गुडघ्यावरचं भोक थेट मांडीवर चढलं.

दोघी हसणार, तोच तिचा चेहरा पडला.

"ताईची आहे," झेंडा पुटपुटली. "न विचारता घेतलीय. मला तरी कुठे हौस होती? तिच्या मैत्रिणी म्हणाल्या, तुमचं टोळकं म्हणजे बालवाडी."

दोराने अंगातला स्वेटर काढून तिच्या कमरेला बांधला. "चल दुकानात."

झेंडा चादर गुंडाळून स्टुलावर बसली. वडिलांनी जीन्स उजेडात धरली आणि अगदी मनापासून विचारलं, "पोरी, यातलं कुठलं भोक ठेवायचं आणि कुठलं बुजवायचं? हल्ली विचारून घ्यावं लागतं."

"गुडघ्यावरची ताईची, काका. मांडीवरचं माझं."

दोराने श्वास घेतला. "बाबा, मी पडले नव्हते. मीच कापली होती."

"माहीत आहे की," वडील सुई शोधत म्हणाले. "दोन्ही गुडघ्यांवर सारखी, सरळ रेघ! म्हटलं, पोरगी पट्टी लावून पडलेली दिसते."

"मग ओरडला का नाहीत?"

"ओरडून भोक बुजत असतं, तर मी दुकान कशाला टाकलं असतं?"

गोटी हसता हसता जमिनीवरच बसली आणि पाय पुढे करून म्हणाली, "काका, माझीही बुजवा ना. फार थंडी वाजते हो!"

"आधी फोटो," चादरीतून झेंडा म्हणाली. तिने हात लांब करून फोन स्वतःच धरला. "दोरा, तिकडे काय करतेस? मध्ये ये."

"हलू नका, सुई ओवू द्या मला. मग हसा," वडील म्हणाले.

पण तोवर कुणाला धीर होता!