दुलईचा घागरा

मी दुलई बोलतेय. मयूर विहारच्या या फ्लॅटमध्ये मला कुणी रजाई म्हणतं, कुणी ब्लँकेट म्हणतं. पहिल्या दिवशी वासंतीनं मला 'दुलई' म्हटलं, तेव्हा घरातली बारावीतली अवनी म्हणाली, "दुलई मतलब?" दिल्लीत जन्मलेल्या मराठी मुलीला मॉरिशसहून आलेल्या मुलीनं मराठी शब्द शिकवला! अवनीची आई पद्मजाकाकू हसून हसून खुर्चीत बसल्या, आणि मी मनातल्या मनात ठरवलं की हे घर आपल्याला मानवणार.

माझा जन्म पानिपतचा. पोटात जुन्या कपड्यांचा पिंजलेला कापूस, अंगावर पिवळीधमक सूर्यफुलं, एकेक परातीएवढं. माझं चित्र ज्यानं काढलं त्याचा हात फारच मोकळा असावा. दुकानात माझ्या शेजारच्या राखाडी, तपकिरी दुलया भराभर खपल्या. मला गिऱ्हाइकं उलगडून बघायची, दचकायची आणि परत घडी घालायची.

नोव्हेंबरात एक दिवस हे काळे आडनावाचं कुटुंब आलं. श्यामकाका नुकतेच सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. दिल्लीतल्या मराठी माणसानं पानिपतला जायचं, रणांगणावर उभं राहून हळहळायचं आणि येताना पांघरुणं घ्यायची, अशी एक रीतच आहे. काकांचं हळहळून झालं होतं. आता काकूंची पाळी होती. सोबत त्यांच्याकडे राहायला आलेली वासंती होती. विद्यापीठात भूगोल शिकायला आली होती, आणि नोव्हेंबरातच तिचे दात वाजत होते.

तिनं मला पाहिलं आणि मिठीच मारली.

"अगं, ही फार भडक आहे," काकू म्हणाल्या. "ती राखाडी बघ, मळखाऊ आहे."

"काकू, कृपया हीच. हिच्याकडे पाहूनच मला ऊब प्राप्त होत आहे."

वासंती असंच बोलायची. तिचे पूर्वज पिढ्यांपूर्वी कोकणातून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेले. घरात आता क्रिओल, म्हणजे तिथली फ्रेंच वळणाची बोली, बोलतात, मराठी ती शाळेत पुस्तकातून शिकली. त्यामुळे तिला ताप आला तरी ती म्हणायची, "माझे शरीर तप्त आहे." उलट अवनी म्हणायची, "यार दीदी, इतकी पण ठंड नाहीये." दोघी एकमेकींशी बोलू लागल्या की काका वर्तमानपत्राआड तोंड लपवून हसत.

वासंतीनं मला नुसतं पांघरलं नाही. तिनं मला दिल्ली दाखवली. डिसेंबरात सकाळी आठच्या वर्गाला जाताना ती मला सरळ खांद्यावर टाकून निघायची. मेट्रो स्टेशनवर तपासणीच्या यंत्रातून मला जावं लागे. माझ्या पोटातला सगळा कापूस पडद्यावर दिसे. मला मेलीला लाज वाटे!

"मैडम, ये क्या है?" पहिल्या दिवशी तिथल्या शिपायानं विचारलं.

"रजाई है, भैया."

"वो तो दिख रहा है. कॉलेज में सोने जाते हो?"

"नहीं भैया. काँपने जाती हूँ."

तो इतका हसला की मागची रांग खोळंबली. त्यानंतर तो मला लांबूनच ओळखू लागला.

तिच्या अभ्यासाचं एक काम होतं, यमुनेच्या काठी पहाटेचं धुकं आणि तापमान नोंदवायचं. ती मला डोक्यावरून लपेटून, हातात थर्मामीटर धरून, डोळे मिटून थंडी सोसत बसे. एकदा धुक्यातून एक आजोबा आले. पिवळ्या फुलांच्या आवरणात कुणीतरी ध्यानस्थ बसलंय असं पाहून त्यांनी वाकून नमस्कार केला आणि समोर दोन केळी ठेवली. वासंती डोळे उघडून म्हणाली, "बाबा, मैं स्टूडेंट हूँ." आजोबा म्हणाले, "हम सब हैं, माताजी," आणि धुक्यात निघून गेले. ती केळी खात घरी येईपर्यंत हसत होती. मला वाटलं, पोरगी रुळली.

पण पांघरुणाला जे कळतं ते दिवसाउजेडी कुणाला कळत नाही. मॉरिशसमध्ये वर्षाचा पहिला दिवस म्हणजे मोठा सण. सगळं गणगोत समुद्रावर जमतं, जेवणं होतात, वाळूत नाच होतो. त्या दिवशी दिल्लीत सूर्यच उगवला नाही. वासंतीनं घरी फोन लावला. पलीकडून लाटा, ढोल, भावंडांचा गलका ऐकू येत होता. ती "मजेत आहे, मजेत आहे" म्हणत राहिली, आणि मग वडिलांचा आवाज आला तशी माझ्यात तोंड खुपसून हमसून हमसून रडली. फोन बंद करायचं तिच्या ध्यानातच राहिलं नाही. माझं एक सूर्यफूल ओलंचिंब झालं.

वडिलांनी ते सगळं ऐकलं होतं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दारावरची घंटा वाजली. दारात एक उंच, सावळे गृहस्थ उभे. अंगात नारळाची झाडं छापलेला अर्ध्या बाह्यांचा शर्ट, त्यावर नावापुरतं जाकीट, ओठ निळे पडलेले. हात जोडून म्हणाले, "नमस्कार. मी खंडेराव. वासंतीचा पिता."

तिकडे ते बस चालवत. रजा टाकून, न कळवता आले होते. वासंती धावत आली, त्यांच्या गळ्यात पडली आणि मग लगेच तिनं मला आणून त्यांच्याभोवती गुंडाळलं. दोघं क्रिओलमध्ये बोलू लागली. इतके दिवस तिच्या फोनच्या वेळी जवळ असल्यानं मला ती भाषा बरीच समजायला लागली होती.

"पुरे झालं, पोरी," खंडेराव म्हणाले. "उद्या संध्याकाळचं विमान आहे. दोघांची तिकिटं काढूनच आलोय. आई वाट बघतेय."

वासंतीनं माझी कड त्यांच्या गळ्याशी नीट खोचली. मग म्हणाली, "बरं, पापा."

स्वयंपाकघराच्या दारात काकू उभ्या होत्या. त्यांना क्रिओल येत नव्हतं, पण पोरीचा चेहरा वाचता येत होता.

"पण आज दुपारी माझा नाच आहे," वासंती म्हणाली. "परदेशी विद्यार्थ्यांचं संमेलन आहे. शब्द दिलाय. तेवढा करते."

मग काय, सगळं घर निघालं! काकूंनी पिशवीत तिचा नाचाचा घागरा घातला. आईनं शिवलेला, लाल, झालरीच त्या किती! त्यावर तिळाचे लाडू, वाटेत भूक लागली तर म्हणून केळी. मी खंडेरावांच्या अंगावर होते. मेट्रोतला शिपाई म्हणाला, "आज रजाई पापाजी के साथ?"

विद्यापीठाच्या हिरवळीवर खुर्च्या मांडल्या होत्या. कोवळं ऊन पडलं होतं. मंगोलियाचा एक मुलगा गात होता, त्यानंतर वासंतीची पाळी. काकूंनी पिशवी बाकावर ठेवली आणि तिच्या केसांत फूल माळायला वळल्या. तेवढ्यात एक धिप्पाड वानर झाडावरून उतरलं, पिशवी उचलली आणि सरळ इमारतीच्या गच्चीवर.

"घागरा!" वासंती ओरडली. "अय्यो! माझा घागरा!"

वर त्यानं निवांत बसून केळं सोललं. घागरा पाण्याच्या टाकीवर टाकून दिला. काका पुढं सरसावले. सगळी हयात त्यांनी कार्यालयात तंटे मिटवण्यात घालवली होती. मान वर करून ते म्हणाले, "देखिए, केला आप रखिए. लेकिन वो कपड़ा हमारा है." वानरानं ऐकून घेतलं आणि केळ्याची साल काकांच्या चष्म्यावर टाकली.

अवनी पोट धरून खाली बसली. "पापा, वो नहीं मानेगा यार, चलो!" तिकडे ध्वनिक्षेपकावरून वासंतीचं नाव पुकारलं गेलं. पोरगी पांढरीफटक पडली. जीन्स घालून हा नाच करता येत नाही. मॉरिशसच्या त्या नाचात पाय जमिनीवरून उचलायचेच नसतात, घासत घासत पुढं जायचं. नाचतो तो घागरा.

पद्मजाकाकूंनी इकडंतिकडं पाहिलं. त्यांची नजर माझ्यावर थांबली.

"खंडेरावभाऊ, ती दुलई द्या."

"क्षमा करा, परंतु मला अत्यंत थंडी—"

"भाऊ, द्या म्हणते ना!"

क्षणात मी त्यांच्या अंगावरून उतरले आणि वासंतीच्या कमरेला आले. काकूंनी नऊवारीच्या निऱ्या घालाव्यात तशा माझ्या निऱ्या घातल्या. मंगळसूत्रातल्या, बांगड्यांतल्या, अवनीच्या ओढणीतल्या, होत्या नव्हत्या तेवढ्या पिना लावल्या आणि काकांचा मफलर वरून करकचून बांधला. "श्वास घेता येतोय ना?" त्यांनी विचारलं. "अल्पसा," वासंती म्हणाली.

ती मंचावर चढली. लोक हसले. का नाही हसणार? अर्धी मुलगी, अर्धी गादी! त्यात गाणं सुरू झालं आणि दोन सुरांत बंद पडलं. कसलीशी तार सुटली होती. वासंती तशीच उभी राहिली. तिनं माझ्या निऱ्या दोन्ही मुठींत घट्ट धरल्या.

तेवढ्यात ढम् ढम् ढम् ऐकू आलं. चहाच्या टेबलामागची रिकामी बादली उलटी करून खंडेराव तिच्यावर ठेका धरून बसले होते. समुद्रावर वाजतो तोच ठेका. कदाचित कुडकुडणाऱ्या हातांना ऊब हवी असेल, कदाचित पोरीचा चेहरा बघवला नसेल. ते मोठ्यानं गाऊ लागले. गळा बसच्या भोंग्यासारखा, पण सूर पक्का.

आणि वासंती हलली.

अहाहा! काय सांगू! मी पांघरूण. आजवर माझं काम म्हणजे गप्प पडून राहणं. त्या दुपारी मी गोल फिरले! एक सूर्यफूल पुढे, एक मागे, सगळं आकाश माझ्याभोवती गरगरतंय. वाळलेली पानं माझ्या काठाला चिकटून नाचतायत. पहिली पिन उडाली, टिंग! दुसरी उडाली. काकू खालून ओरडल्या, "धर गं, डावीकडून धर!" वासंतीनं दोन्ही हातांनी मला उचलून धरलं आणि आणखी जोरात गिरकी घेतली. शिवण टर्रकन उसवली. माझ्या पोटातला कापूस भुरभुर उडाला, पुढच्या रांगेत बसलेल्या भूगोलाच्या करड्या शिस्तीच्या बाईंच्या डोक्यावर एक पुंजका जाऊन बसला. बाईंनी तो काढला नाही. त्या टाळ्या वाजवत होत्या. मंगोलियाचा मुलगा मंचावर आला, मग नेपाळच्या मुली, मग अवनी, आणि सगळे पाय घासत, एकमेकांवर आदळत नाचू लागले. वासंती इतकी हसत होती की तिला गिरकी थांबवता येईना.

खंडेराव बादली वाजवत तिच्याकडे एकटक बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बॅग भरायला बसले. वासंती चहा घेऊन आली. त्यांनी मला घडी घालून बॅगेत कोंबायला घेतलं.

"ही मी विमानात पांघरायला नेतो," ते म्हणाले. "आईलाही दाखवू. इथं आता कुणाला लागणार आहे?"

वासंतीनं चहा खाली ठेवला आणि माझं दुसरं टोक धरलं.

"मला लागणार आहे."

"तिकडे? घामानं भिजशील, पोरी."

"तिकडे नाही, पापा. इथं."

त्यांनी सोडलं नाही. तिनंही नाही. मी मधल्या मध्ये ताणले गेले.

"तू रडत होतीस. मी या कानांनी ऐकलंय."

"रडत होते. पुढंही रडेन अधूनमधून. पण यमुनेवरच्या धुक्याचं माझं काम अर्धंच झालंय. तुम्ही नेलंत तर मी येईन, कारण काल 'बरं' म्हटलंय. पण मग जन्मभर मला वाटत राहील की मी थंडीला घाबरून पळाले."

खंडेरावांनी एकदा जोरात ओढलं. माझी उसवलेली शिवण कुरकुरली. मग त्यांनी एकदम हात सोडले. वासंती मला घेऊन धपकन पलंगावर पडली. त्यांच्या डोळ्यांत पाणी असताना त्यांना हसू फुटलं.

"हिला शिवून घे," ते म्हणाले. "सगळा कापूस बाहेर येतोय."

संध्याकाळी ते एकटे निघाले. अंगात श्यामकाकांचा स्वेटर, बाह्या जेमतेम कोपरापर्यंत. दारात काकूंना हात जोडून म्हणाले, "माझी कन्या आपल्या स्वाधीन."

"स्वाधीन कसली भाऊ, डोक्यावर बसलीये ती आमच्या," काकू म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसू लागल्या.

आता मार्च लागलाय. दिल्लीत पंखे सुरू झाले. काकूंनी माझी शिवण लाल दोऱ्यानं घातली, कारण पिवळा घरात नव्हता. आज मला गच्चीवर दिवसभर ऊन दाखवलं. आता घडी करून, डांबराच्या गोळ्या घालून पलंगाखालच्या पेटीत ठेवतायत. वर गादीवर वासंती परीक्षेचा अभ्यास करतेय, अवनीला नद्यांची नावं मोठ्यानं म्हणून दाखवतेय आणि मध्येच "अरे यार, विसरले!" असं चक्क ओरडतेय.

मंडळी, झाकण पडायच्या आत एवढंच सांगते. तुमच्या घरी कुणी दूरदेशाहून शिकायला आलं, तर त्याला 'पांघरूण हवं का' असं विचारत बसू नका. ही मुलं 'नको' म्हणतात. सरळ नेऊन अंगावर घाला. आम्ही पुढचं बघून घेतो.