डाव्या हाताची सवलत

माझी जोडी शोधू नका. मी गोल्फ खेळणाऱ्याचा हातमोजा, फक्त डाव्या हाताचा. उजव्या हाताचा मोजा मला कधी नव्हताच. दुकानातही आम्ही एकेकटेच टांगलेले असतो. नवखी माणसं विचारतात, "दुसरा कुठे हरवला?" पूर्वी मला त्याचं हसू यायचं.

मेंढीच्या पातळ, पांढऱ्या कातड्याचा मी. कारखान्यातल्या एका बाईने मला उलटा शिवला आणि माझं एकेक बोट काडीने ढकलून सुलट केलं. मला विकत घेतलं ते शाळेत गणित शिकवणाऱ्या एका ताईने, आपल्या धाकट्या भावासाठी.

"मोठ्यातला मोठा दाखवा," ती दुकानदाराला म्हणाली. "लिफ्ट दुरुस्त करतो तो. पंजा आहे की फावडं!"

आई लवकर गेल्यामुळे या भावाला ताईनेच वाढवलं होतं. त्याने कुठला शर्ट घालायचा इथपासून कुठलं शिक्षण घ्यायचं इथपर्यंत सगळं तीच ठरवायची आणि त्याला त्यात कधी काही खटकलं नव्हतं. मला हातात चढवून त्याने मूठ वळली आणि म्हणाला, "झकास बसला!" तो हात मला पहिल्याच दिवशी आवडला. तळव्याला घट्टे, नखांच्या कडेला न निघणारं वंगण, पण दांड्यावरची पकड मात्र हलकी. लिफ्टच्या तारा हाताळणाऱ्याला कुठे आवळायचं आणि कुठे सोडायचं हे बरोबर कळत असावं.

आमची भेट रविवारी सकाळी. लांब फटका मारायचा तर मी हातात. चेंडू भोकाजवळच्या मऊ गवतावर पोचला की मला काढायचं आणि मागच्या खिशात कोंबायचं. त्यामुळे चेंडू भोकात पडताना मी एकदाही पाहिला नाही. पडला की नाही ते मला माणसांच्या ओरडण्यावरून कळायचं.

वर्षातून एकदा ताई स्पर्धा भरवायची. शाळेतले सहकारी, शेजारी, नातेवाईक, चौघाचौघांचे संघ. नियम साधे होते. चौघांनी फटका मारायचा, त्यातला सर्वांत चांगला चेंडू निवडायचा आणि पुढचा फटका सगळ्यांनी तिथूनच मारायचा. म्हणजे कच्च्या खेळाडूचा चेंडू झुडपात गेला तरी कुणाचं बिघडत नाही. पण एकट्या पट्टीच्या खेळाडूने सगळा खेळ ओढून नेऊ नये म्हणून ताईने एक अट घातली होती. प्रत्येकाचा सुरुवातीचा फटका निदान दोन भोकांच्या वेळी तरी निवडलाच पाहिजे.

आणि दुसरी गोष्ट सवलतीची. जो जितका कच्चा, त्याला तितकी जास्त सवलत. चौघांच्या सवलतींचा हिशेब करून संघाला जो आकडा मिळेल, तेवढे फटके शेवटी वजा. हे आकडे ताईच ठरवायची. सगळ्यांचा खेळ ती वर्षभर बघायची आणि तिच्या आकड्यावर सहसा कुणी वाद घालत नसे. आमच्या संघात भाऊ, त्याची बायको म्हणजे वहिनी, ताई आणि एक दातांचे डॉक्टर. भावाची सवलत सगळ्यांत कमी होती आणि त्याचा त्याला कोण अभिमान! डॉक्टर म्हणायचे, "तुझ्यामुळे संघाला सवलत मिळत नाही. जरा वाईट खेळ की लेका!"

मग एका हिवाळ्यात रविवार येत राहिले, पण मला कुणी पिशवीतून काढलंच नाही. किती आठवडे गेले कोण जाणे. अखेर पिशवी उघडली. आत आला तो हात ओळखीचा होता आणि नव्हताही. घट्टे मऊ पडले होते. बोटं एकदम आत शिरेनात. उजव्या हाताने एकेक धरून बसवावी लागली. वहिनी शेजारी उभी होती.

"अर्धांगातून उठून पाच महिने झालेत तुम्हाला," ती म्हणाली. "यंदा नुसतं बघायला चला ना."

"बघायला म्हातारे जातात," तो म्हणाला.

मूठ वळली. पूर्वी ती माझ्या शिवणीपर्यंत भरायची. आता करंगळीकडे मी रिकामाच राहिलो.

स्पर्धेच्या सकाळी ताई क्लबच्या पायऱ्यांवर उभी राहून आकडे वाचत होती. डॉक्टरांचा झाला, वहिनीचा झाला. मग भावाचा वाचला. सहाचे वीस झाले होते.

"ताई, माझा आकडा चुकलाय," तो हसत म्हणाला.

"चुकला नाही." तिचा आवाज खाली आला. "परवा सरावाला आला होतास ना, मी बघितलं. सगळ्यांना जो नियम, तोच तुलाही."

"मला आधी सांगितलं असतंस."

"त्यात सांगायचं काय? तुझ्या बऱ्यासाठीच केलं ना!"

त्याने दांडा उचलला आणि चालू लागला. माझ्या आत मात्र घाम फुटला होता. आजाराने की रागाने, मला कळलं नाही.

त्या दिवशी त्याने जीव तोडून मारलं. दांडा दर वेळी माझ्यातून थोडासा फिरायचा. मी माझ्याकडून घट्ट धरायला बघत होतो, पण आतल्या बोटांत जोर नसेल तर कातडं काय करणार? चेंडू निम्म्या वाटेवर पडायचा. डॉक्टर दर वेळी म्हणायचे, "सरळ गेला, सरळ गेला!" पूर्वी त्याचा चेंडू वाकडा गेला की हेच डॉक्टर पोट धरून हसायचे. त्या दिवशी ते एकदाही हसले नाहीत.

त्याचा एक फटका संघाने मध्येच कुठेतरी घेऊन टाकला. शेवटचं भोक आलं तरी दुसरा बाकी होता. नियमाप्रमाणे आता घेणं भागच. तो उभा राहिला, श्वास घेतला, मारला. चेंडू आखूड पडला, पण मोकळ्या जागी. तिथून ताईने आणि वहिनीने तो गवतावर आणला. मी खिशात गेलो आणि थोड्या वेळाने टाळ्या ऐकल्या.

वजाबाकी झाली. आमचा संघ एका फटक्याने जिंकला होता. पुन्हा टाळ्या झाल्या, जरा जास्तच जोरात. कुणाच्या तरी हातून चषक भावाकडे आला. "हा तुमचाच हो!"

"माझा नाही," तो म्हणाला. "माझ्या आजारपणाने मिळवलाय. त्यालाच द्या."

"अरे, असं काय बोलतोस?" ताई पुढे आली.

"सगळ्यांसमोर मला आजारी ठरवलंस तू. निदान विचारायचं तरी होतंस."

चषक पायरीवर ठेवून तो गाडीत जाऊन बसला.

त्यानंतर ताई दोनदा घरी येऊन गेली. दोन्ही वेळा त्याला नेमकं काम निघालं. स्पर्धेची वेळ पुन्हा आली तेव्हा तिने वहिनीकडे निरोप दिला, "त्याला म्हणावं, जुनाच आकडा ठेवते. पण ये." तो आला नाही.

पण एका दुपारी तो एकटाच मैदानावर गेला होता, हे कुणाला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. त्याने टोपलीभर चेंडू मारले. शेवटचा मारून तो तिथेच बाकावर बसला, मला हळूच उतरवलं आणि मांडीवर ठेवून माझ्या सुरकुत्या सरळ करत राहिला. मग म्हणाला, "बरोबर होता गं तुझा आकडा. सांगून टाकीन एकदा."

ते सांगायचं राहिलं. कधी सवड नव्हती, कधी जीभ रेटेना. पुढे त्याने लिफ्ट दुरुस्तीचं काम बंद केलं आणि नवराबायको लेकीकडे दूरच्या गावी राहायला गेले. घर आवरताना वहिनीने गोल्फची पिशवी ताईकडे पाठवली, "कुणाला उपयोगी पडली तर बघा." ताईने ती कुणालाच दिली नाही.

स्पर्धा आता डॉक्टर भरवतात. आकडे अंदाजाने ठोकतात आणि मग भांडणं होतात, असं ऐकतो. ताई जात नाही. मी तिच्या कपाटाच्या खणात असतो. माझं कातडं कडक झालंय, अंगठ्याची शिवण उसवली आहे. कधीतरी ती मला काढते, हातात घालते. तिच्या बोटांना मी फार मोठा होतो.

फोन होतो त्यांचा. परवाच आला होता, मी तिच्या मांडीवरच होतो.

"ताई..." तो म्हणाला आणि थांबला.

"बोल ना."

"काही नाही. गुडघा कसा आहे तुझा?"

"बरा आहे. तुझा हात?"

"बरा आहे."

 मग "ठेवू?" "ठेव."

मला बोटं आहेत, पण वाचा नाही. तुम्हाला आहे. त्या दोघांपैकी कुणी तुमच्या ओळखीचं निघालंच, तर 'आकडा बरोबर होता' तेवढं सांगून टाका. आता उशीर करू नका, दोघंही थकली आहेत.