चालायचा शुक्रवार

खंडेराव शेडगे माण तालुक्यातल्या ज्या गावातून बोईसरला आले, तिथे पाणी बघायचं तर विहिरीवर ओणवं व्हावं लागायचं, आणि ओणवं झालं तरी बहुधा दगडच दिसायचे. अशा माणसाला उतारवयात समुद्राचं वेड लागावं, याचं बोईसरला लागून असलेल्या सरावलीतल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना मोठं हसू यायचं. खरं म्हणजे वेड त्यांना नव्हतंच. ते होतं त्यांच्या बायकोला, सुगंधाबाईंना. खंडेराव आपले स्कूटर चालवायचे.

त्यांच्या कारखान्याची सुट्टी शुक्रवारची. त्यामुळे या घरात उभ्या हयातीत पाहुणे, मटण, केस कापणं आणि भांडण, सगळं शुक्रवारीच झालं. निवृत्तीनंतर सातही वार मोकळे झाले, तरी समुद्रावर जायचं ते शुक्रवारीच. सुगंधाबाई म्हणायच्या, "कंपनीनं ह्यास्नी सोडलं, पण ह्यांनी काय कंपनीला सोडलं न्हाई."

बरं, समुद्र तरी जवळचा गाठावा! हाकेच्या अंतरावरचे किनारे सोडून ही जोडी पालघर, माहीम, केळवे करत पार एडवणला जायची. कारण तिथे जमनाबाई होत्या. त्या पूर्वी बोईसरच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसत. नव्यानेच आलेल्या सुगंधाबाईंनी नाकाला पदर लावून "ह्ये खात्यात तरी कसं?" असं विचारलं, तेव्हा जमनाबाईंनी मूठभर सुके बोंबील त्यांच्या पिशवीत कोंबले आणि म्हणाल्या, "पयलं खाऊन बघ, मंग नाक धर." तेव्हा जमलेली मैत्री दोघींचे केस पिकले तरी टिकून होती.

दुपारचं ऊन कललं की स्कूटर निघायची. मागे सुगंधाबाई, त्यांच्या मांडीवर चहाचा थर्मास आणि फडक्यात बांधलेली भाकरी-चटणी. केळव्याच्या वाटेवर पानमळ्यांचा गारवा लागला की त्या नवऱ्याच्या पाठीवर थाप मारून म्हणत, "हळू घ्या की जरा. कामावर न्हाई निघालो." आयुष्यभर घड्याळाकडे बघून जेवलेला तो माणूस मग खरोखरच हळू घ्यायचा. या गाडीवर बसून दोघं जेवढं बोलली, तेवढं सगळ्या संसारात बोलली नव्हती.

समुद्राचं गणित मात्र सुगंधाबाईंनी आधी ओळखलं. एका शुक्रवारी संध्याकाळी पाणी लांब गेलेलं असायचं, तर पुढच्या शुक्रवारी त्याच वेळेला ते पार वरपर्यंत भरून यायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास संध्याकाळी ओहोटी, अष्टमीच्या आसपास भरती. त्यांनी त्याला आपली नावं देऊन टाकली. ओहोटीचा तो चालायचा शुक्रवार, भरतीचा तो बसायचा. बसायच्या शुक्रवारी सुरूच्या सावलीत भाकरी खायची आणि जमनाबाईंशी गप्पा मारायच्या. पण त्यांचा जीव होता चालायच्या शुक्रवारावर. पाणी मागे सरलं की ओली वाळू सारवलेल्या अंगणासारखी कडक व्हायची. त्या चपला हातात घेऊन निघायच्या ते थेट पाण्याच्या कडेपर्यंत. खेकड्यांनी घातलेल्या वाळूच्या बारीक गोळ्यांच्या रांगोळ्या चुकवत, मधेच एखादा शिंपला ओच्यात टाकत. माणदेशातल्या खड्याकाट्यांतून डोक्यावर हंडे वाहिलेले पाय ते. "हितं काय टोचतच न्हाई वो," असं त्या दर खेपेला पहिल्यांदाच कळल्यासारखं सांगायच्या.

एक पथ्य मात्र खंडेराव पाळायचे. शुक्रवार बरोबर अमावास्येलाच आला, तर स्कूटर निघायची नाही. त्यांच्या गावाकडची रीतच तशी. अमावास्येला नव्या कामाला हात लावायचा नाही, प्रवासाला निघायचं नाही आणि आजारी माणसाला तर उंबऱ्याबाहेर काढायचं नाही. कारखान्यातही अमावास्येला ते मशीनला लिंबू बांधल्याशिवाय बटण दाबत नसत.

देव देतो आणि कर्म नेतं म्हणतात, तसं झालं. सुखाची तीनेक वर्षं गेली असतील नसतील, सुगंधाबाईंच्या किडन्या थकल्या. डायलिसिस सुरू झालं. स्कूटर सुटली, रिक्षा आली. मग रिक्षाही महिन्यातून एकदा आणि तीही बसायच्या शुक्रवारी, कारण पाय सुजलेले. कोरड्या वाळूत पाऊल रुतलं की त्यांना ते उपसता येत नसे, आणि ती वाळू ओलांडल्याशिवाय कडक वाळू गाठता येत नसे. डॉक्टरांनी खंडेरावांना एकदा बाजूला घेऊन सांगितलं, "आता त्यांना जे आवडतं ते करू द्या." खंडेरावांनी मान हलवली. त्या बोलण्याचा अर्थ मनात शिरू द्यायचा नाही, असंही त्याच वेळी ठरवलं.

माघातली गोष्ट. आदल्या दिवशीचं डायलिसिस चांगलं झालं होतं. शुक्रवारी सकाळी सुगंधाबाई आपल्या आपण उठल्या, वेणी घातली, ठेवणीतली हिरवी साडी नेसल्या आणि खाटेवर बसून म्हणाल्या, "आज चालायचा शुक्रवार हाय. जाऊ या की एडवणला."

खंडेरावांनी कॅलेंडरकडे पाहिलं. तारखेच्या चौकोनात काळा गोल होता.

"आज आमुशा हाय."

"मग काय झालं? आमुशालाच तर पाणी लई लांब जातं. जमना म्हणती की."

"जमनाबाईंचं येगळं. ती दर्यावरची माणसं. तुला असं असताना आमुशाला भाईर काढू मी?"

"मला आज बरं वाटतंय वो." इतक्या वर्षांत तिने हट्ट म्हणून कधी केला नव्हता. आज मात्र दुपारी पुन्हा विचारलं, आणि ऊन कलायला लागल्यावर आणखी एकदा. "रिक्षा बोलावताय न्हवं?"

खंडेरावांचा आवाज चढला. "न्हाई म्हणलं न्हवं एकदा! काय बरं-वाईट झालं तर कुणाला तोंड दाखवू? पंधरा दिसांचा तर प्रश्न. पुनवंला नेतो. शब्द देतो."

"बरं. पुनवंला जाऊ," सुगंधाबाई म्हणाल्या आणि साडी न बदलताच भिंतीकडे तोंड करून पडल्या. खंडेराव गच्चीत जाऊन उभे राहिले. बायकोचं मन मोडलं याचं वाईट वाटत होतं, पण तिला जपलं याचं समाधान त्याहून मोठं होतं. दिवेलागणीला आतून फोनवर बोलल्याचा बारीक आवाज आला. पुण्याला मुलाशी बोलत असेल, असं त्यांना वाटलं.

पुढचा शुक्रवार बसायचा होता. त्या दिवशी ते तिला हौसेने घेऊन गेले. पाणी वर आलेलं होतं. जमनाबाई धावत आल्या, मैत्रिणीचा हात हातात घेऊन रिक्षातच शेजारी बसून राहिल्या. दोघी फारसं बोलल्या नाहीत, याचं खंडेरावांना तेव्हा नवल वाटलं. निघताना सुगंधाबाई रिक्षातून उतरल्या आणि कोरड्या वाळूत दोन-चार पावलं टाकून बघितली. पाय घोट्यापर्यंत रुतले. "राहू द्या," त्या हसून म्हणाल्या, "पुनवंला बघू."

पौर्णिमा चार दिवसांवर असताना, भल्या पहाटे, हॉस्पिटलातच त्यांनी प्राण सोडला. तिथी होती एकादशी. भेटायला आलेला प्रत्येक जण खंडेरावांच्या पाठीवर हात ठेवून हेच म्हणाला. मोठी पुण्यवान बाई, एकादशी मिळाली. खंडेराव ऐकून घेत होते. त्यांना त्या माणसांच्या अंगावर धावून जावंसं वाटत होतं.

दिवसकार्य उरकलं. मुलगा दिग्विजय आणि सून मोनाली यांनी बाबांना पुण्याला न्यायचं ठरवलं. सामान बांधून झालं, गाडी सांगायची एवढंच राहिलं, तेव्हा मोनालीच्या लक्षात आलं. "अहो, आज अमावास्या आहे. आज नको निघायला. उद्या सकाळी निघू ना, बाबा?"

दुपारी दोघांचा डोळा लागल्यावर खंडेरावांनी जिन्याखालची स्कूटर पुसली, हँडलला बांधलेलं वाळकं लिंबू तोडून टाकलं आणि निघाले. वार कुठला होता, हे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. केळव्याच्या पानमळ्यांपाशी गारवा लागला, तिथे सवयीने वेग कमी केला. पाठीवर थाप पडली नाही. तेवढ्यावरून त्यांना इतकं रडू आलं की गाडी बाजूला लावून थांबावं लागलं.

एडवणला पोचले तेव्हा पाणी लांब, अगदी लांब गेलं होतं. एवढी उघडी वाळू त्यांनी कधी पाहिली नव्हती. बांबूंवर बोंबील वाळत होते आणि जमनाबाईंचा नवरा एकनाथ खाली बसून जाळं सांधत होता. त्याच्या शेजारी हात असलेली एक लाल प्लॅस्टिकची खुर्ची होती. तिच्या दोन्ही बाजूंना आडवे बांबू घट्ट बांधलेले होते, पालखीला असतात तसे.

"ही अशी कशाला बांधली?" खंडेरावांनी आपलं बोलायचं म्हणून विचारलं.

जमनाबाईंनी नवऱ्याकडे डोळे वटारले. पण एकनाथ साधा माणूस, त्याच्या पोटात काही राहत नसे. "वयनीसाठी बांदलेली, दादा. गेल्या अवसेला. तिनं सकाळीच जमनाला फोन केलेला, मी आज येते म्हणून. पोरांना म्हटलं, आज होडी नका काडू. कोरड्या वाळूतनं चौगं उचलून नेऊ, फुडं कडक वाळूत ती चालंल."

"आज नका काडू?" खंडेरावांना एवढं तरी कळत होतं. अमावास्येच्या उधाणात डोळीच्या जाळ्यात बोंबील भरून मिळतो. त्या दिवशी कोळी घरी बसत नाही.

"एका दिसानं काय होतंय," जमनाबाई घाईने म्हणाल्या. "तुमी नका मनाला लावून घेऊ. दिवं लागंपर्यंत वाट बगितली आमी. मंग तिचा फोन आला, जमत नाय म्हणून. आनि म्हनली, ह्यांना यातलं काय सांगू नको, तुला माझी शपत हाय. मी नाय सांगितलं, दादा. ह्यानंच सांगितलं."

गच्चीत उभं असताना ऐकू आलेला तो बारीक आवाज! खंडेरावांनी पायातले बूट काढले. एवढ्या शुक्रवारांत ते कधी अनवाणी चालले नव्हते. सुगंधा किती वेळा म्हणाली होती, एकदा पाय तर टेकवून बघा. ते बुटांनीच तिच्या मागे मागे जायचे.

ते चालत गेले. कोरडी वाळू संपली आणि कडक वाळू लागली. खरंच, काही टोचत नव्हतं. पाण्याच्या कडेला पोचायला बराच वेळ लागला. मागे वळून पाहिलं, तर जमनाबाई आणि एकनाथ किनाऱ्यावर एवढे-एवढेसे दिसत होते. इतक्या लांबवर ती त्या दिवशी चालली असती. दम लागला असता, तर खुर्ची होती. चार माणसं होती. सगळं होतं. फक्त नवरा हो म्हणाला नव्हता.

खिशातला फोन वाजला. दिग्विजय घाबरलेला होता.

"बाबा, कुठं आहात? किती वेळ शोधतोय! स्कूटर पण नाही."

"एडवणला हाय. पाण्यापाशी."

"आत्ता? एकटेच? अहो बाबा, आज अमावास्या आहे ना? तुम्हीच तर आम्हाला लहानपणापासून..."

"व्हय, मीच सांगायचो," खंडेराव म्हणाले. त्यांचा आवाज फुटला, आणि पोराला ऐकू जातंय हे कळूनही त्यांनी तो आवरला नाही. "पण आमुशालाच पाणी लई लांब जातं, बाळा. तुझी आई मला तीनदा सांगत हुती."