उघड्या डिशवरचं बोलणं

पेशी वाढवायच्या खोलीच्या, म्हणजे कल्चर रूमच्या दारावर लाल अक्षरांत एकच नियम लावलेला होता : ‘डिश उघडी असताना तोंड बंद.’ नियम सरांनीच केलेला. आता नियम करणाऱ्यानेच तो पाळायचा म्हणजे शिंप्याने आपल्याच दुकानात माप द्यायला उभं राहायचं. सर त्या भानगडीत पडत नसत.

सर त्या संस्थेतल्या पेशी विभागाचे प्रमुख होते. पेशी एकमेकींशी कशा बोलतात, या एकाच विषयावर ते उभी हयात बोलत आले होते. त्यांच्या व्याख्यानाला सभागृह खच्चून भरायचं, फक्त पहिली रांग रिकामी राहायची. कारण सर रंगात आले की शब्दांबरोबर तुषारही यायचे. पाठीमागे सगळे त्यांना ‘भोंगा’ म्हणत. हे त्यांच्या कानावर होतं आणि मनातून आवडलंही होतं. भोंगा वाजल्याशिवाय कारखाना सुरू होत नाही, असा त्यांचा समज होता.

त्यांच्या हाताखाली एक कंत्राटी संशोधक होती. दिवसभरात ती चार शब्द बोलायची, त्यातले दोन ‘हो सर’. सरांनी तिचं नाव ‘अबोली’ ठेवलं आणि विभागानेही ते उचललं. ही अबोली हृदयाच्या पेशी वाढवायची. प्लास्टिकच्या चपट्या गोल डबीत, म्हणजे डिशमध्ये, गुलाबी पाण्यासारखं खाद्य घालून, इन्क्युबेटरच्या उबेत ठेवून, रोज तान्ह्या पोराकडे बघावं तसं बघत. त्या पेशी वाढायच्या आणि एके दिवशी आपल्या आपण धडधडू लागायच्या. शरीर नाही, छाती नाही, प्रेम नाही की भीती नाही, आणि तरी धडधड.

सरांकडे पाहुण्यांची रीघ असायची. पाहुणे आले की सर इन्क्युबेटर उघडायचे आणि अबोलीची सगळ्यांत छान धडधडणारी डिश काढायचे. झाकणावर वाफ धरायची, खालचं धुरकट दिसायचं, म्हणून सर झाकण बाजूला ठेवायचे. मास्क लावला तर आवाज दबतो, म्हणून मास्कही नाही. मग सूक्ष्मदर्शकावर ओणवे होऊन सुरू :

“हे बघा, ही आमची मंडळी! मुळात सगळ्या एकाच आईच्या लेकी. पत्रिकाही एकच, प्रत्येकीच्या केंद्रकात जशीच्या तशी. पण एकीने ठरवलं मी यकृत होणार, दुसरी म्हणाली मी मेंदू, आणि ह्या झाल्या काळीज. म्हणजे पुस्तक सगळ्यांकडे तेच, फक्त जिने तिने आपापलं पान उघडलंय. आणि हे दोन पुंजके बघा. काल हा वेगळा धडधडत होता, तो वेगळा. रात्रीत एकमेकांना चिकटले, मधल्या भिंतीला बारीक दारं पाडली, दारातून निरोप गेला, आणि आज दोघांचा ठोका एक! आमच्या घरात एवढ्या वर्षांत हे जमलेलं नाही!”

पाहुणे हसायचे. डिश तोवर उघडीच असायची. मग सर झाकण लावून ती होती तिथे ठेवून द्यायचे, आणि खाद्य थोडं कमी झालंय असं वाटलं तर अबोलीच्याच बाटलीतून वर थोडं घालायचे. सर तसे कनवाळू होते.

असं सगळं छान चाललं असताना पेशी बिघडल्या. मेल्या नाहीत, मेल्या असत्या तर बरं. त्या मरगळल्या. ठोके चुकायला लागले. चिकटलेले पुंजके पुन्हा आपापल्या तालावर गेले, जणू मधली दारं कोणी आतून लावून घेतली. खाद्य गढूळ नाही, बुरशी नाही, सूक्ष्मदर्शकाखाली कसलाही जंतू दिसेना. अबोलीची कित्येक महिन्यांची मेहनत एकेका डिशमध्ये आळस देत पडली.

संचालिका मॅडमनी विभागाची बैठक घेतली. “हे झालं कसं?” त्यांनी विचारलं.

सरांना काही तरी बोलणं भागच होतं. “मॅडम, हातगुण असतो एकेकाचा,” ते म्हणाले. “काहींनी हात लावला की रोपं सुकतात. आमच्याकडे काळीज बंद पडतं.”

काय हशा पिकला! सरांनाही क्षणभर आपलाच हेवा वाटला. हसता हसता सगळ्यांच्या माना अबोलीकडे वळल्या, आणि मग त्या माना तिथेच राहिल्या. बैठक संपेपर्यंत विनोदाचा निष्कर्ष झाला होता. तिचं कल्चर रूमचं कार्ड काढून घेतलं. कंत्राट पुढे चालू ठेवायचं की नाही, ते सोमवारी ठरणार होतं. अबोली म्हणाली, “हो मॅडम.”

मग गुरुवारी सरांचा फोन वाजला. डिशमधलं पाणी तपासायला बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवलं होतं, तिथल्या बाईंचा फोन.

“सर, सापडला. मायकोप्लाझ्मा आहे.”

सर खुर्चीत बसले. मायकोप्लाझ्मा म्हणजे पेशींच्या राज्यातला फुकट्या. स्वतःही पेशीच, पण इतकी चिमुकली की साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नाही. तिला भिंतच नसते, त्यामुळे भिंत फोडणारी औषधं तिच्यापुढे हात टेकतात. दुसऱ्या पेशीच्या अंगाला चिकटायचं, तिच्या ताटातलं खायचं, आणि तिला धड मरूही द्यायचं नाही.

“कुठून आला असेल?” सरांनी विचारलं. “खाद्यात गायीच्या रक्तातलं सीरम असतं, त्यातून?”

“नाही हो, गायीतला वेगळा. हा माणसाच्या तोंडात राहणारा आहे.” बाई मनापासून हसल्या. “तुमच्याकडे उघड्या डिशवर गप्पा मारत बसतं का कोणी?”

“बरं,” सर म्हणाले. इतकं आखूड वाक्य त्यांच्या तोंडून याआधी कधी निघालेलं नव्हतं.

फोन ठेवल्यावर त्यांनी प्रथम जे केलं ते कोणीही करेल तेच केलं. दुसऱ्या कोणाचं तोंड आठवून बघितलं. अबोलीचं आठवलं, तर ते मास्कमध्ये होतं, आणि मास्कच्या आत मिटलेलं होतं. बाटल्या धुणारे मामा आठवले. मामा दाराच्या आत कधी येतच नसत. मग एकच तोंड उरलं, आणि ते अपरिचित नव्हतं. पाहुण्यांबरोबर काढलेल्या फोटोंमध्ये ते भिंतभर लागलेलं होतं. सगळ्या फोटोंत उघडं.

संध्याकाळी घरी ते काही न बोलता बसले. त्यांची बायको दातांची डॉक्टर होती. तिने दोनदा वळून बघितलं.

“टीव्ही बंद आहे, की तुम्ही?”

सरांनी सांगितलं. सगळं नाही. फोनचं सांगितलं, हातगुणाचं गाळलं.

“त्यात नवल काय?” ती म्हणाली. “तोंड म्हणजे भाड्याने दिलेली चाळ. किती बिऱ्हाडं आहेत ते मालकाला कधी कळत नाही. मी दिवसभर तेच बघते. म्हणून तर मास्क लावते मी, आणि तुम्ही जेवताना समोर बसलात की मनात येऊनही लावत नाही, एवढा संसार केला.” मग तिने चष्मा वर केला. “त्या मुलीला सांगितलंत ना?”

“सोमवारी बैठक आहे.”

“मी बैठकीचं नाही विचारलं.”

सर हात धुवायला उठले. जेवण अजून व्हायचं होतं.

शुक्रवारी त्यांनी अबोलीला टाळलं. शनिवारी टाळायला गेले आणि जिन्यात समोरासमोर आले. ती भिंतीला चिकटून वाट देत होती. कठड्यावर तिचा हात होता, आणि सरांना तो हात दिसला. बोटांच्या पेरांवर कातडी फाटली होती, नखांच्या कडेला लाल चिरा, तळहात कागदासारखा कोरडा.

“हे काय झालं गं हाताला?”

“काही नाही सर.”

“अगं, पण हे...”

“जंतुनाशकाने होतं,” अबोली म्हणाली. “कोपरापर्यंत घासते. जेवणाआधी, झोपताना, उठल्यावर. मला वाटलं, तुम्ही म्हणताय म्हणजे हातातच काही तरी असेल. आईच्या स्वयंपाकालाही हात लावत नाही मी. तुम्ही म्हणालात तेव्हा सगळे हसले, पण मला खरंच वाटलं, सर.”

हे तिचं त्यांनी ऐकलेलं सगळ्यांत मोठं बोलणं. त्यात तक्रार असती तर सरांना उत्तर देता आलं असतं. तक्रारींची उत्तरं द्यायला ते प्रसिद्ध होते. पण ती नुसती माहिती देत होती, प्रयोगाचा निकाल सांगावा तशी. सरांचे कान तापले. मग मान तापली. लाज ही पोटातून वर चढते असं त्यांनी ऐकलं होतं. त्यांच्या बाबतीत ती डोक्यावरून ओतल्यासारखी खाली आली. ते कठडा धरून उभे राहिले. “हात नको धुऊस आता,” एवढंच म्हणाले. ती म्हणाली, “हो सर,” आणि खाली गेली. का नको धुऊस, ते त्यांनी त्या वेळीही सांगितलं नाही.

सोमवारी बैठक भरली. संचालिका मॅडमनी विषय काढायच्या आत सर उठले.

“मॅडम, जंतू तोंडातला आहे. आणि तोंड माझं आहे. मी पाहुण्यांसमोर डिश उघडी ठेवून बोलायचो. तिच्या बाटलीलाही मीच हात लावायचो. ह्या मुलीचा काही दोष नाही.”

मग कोणी तरी टाळी वाजवली, आणि बघता बघता सगळे वाजवू लागले.

“सर,” मॅडम भारावून म्हणाल्या, “हाताखालच्या मुलीची चूक स्वतःच्या अंगावर घेणारा माणूस आजकाल कुठे मिळतो?”

“अहो, अंगावर घेत नाहीये. माझ्या अंगचीच आहे.”

“बघा! वर विनय!” मॅडम सगळ्यांना म्हणाल्या.

सर घाबरले. आयुष्यभर ते जे बोलत आले त्यावर लोकांनी विश्वास ठेवला होता; पहिल्यांदा धडधडीत खरं बोलले, तर ते वक्तृत्वात जमा झालं. त्यांनी पुन्हा सांगितलं, तर टाळ्या वाढल्या. कळवळून सांगितलं, तर मागे बसलेल्या एका बाईंनी डोळे पुसले.

“पण सर,” मॅडम पुढे म्हणाल्या, “तुमच्या मोठेपणाने नियम बदलत नाहीत. तोंड तिलाही आहेच की. हिचं कंत्राट संपवणंच...”

अबोली खाली बघत बसली होती. फाटलेले हात तिने ओढणीखाली घेतले होते.

सर तरातरा बाहेर गेले आणि झाकणाच्या दोन नळ्या घेऊन आले. कल्चर रूममध्ये त्या ढिगाने पडलेल्या असतात. एक नळी त्यांनी अबोलीपुढे ठेवली, दुसरीचं झाकण उघडलं.

“हे काय करताय?” मॅडम म्हणाल्या.

“थुंकतोय.”

आणि थुंकी येईना. ज्या माणसाने पहिल्या रांगा उठवल्या, त्याच्या तोंडाला भर सभेत कोरड पडली होती. सगळा विभाग बघत होता. सर गाल आत ओढत होते, जीभ फिरवत होते, लिंबू आठवत होते, मान वाकवून नळीत बघत होते. कोणी तरी फिसकन हसलं. संचालिका मॅडमनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. एक थेंब पडला, मग बऱ्याच वेळाने दुसरा. घाम मात्र विनासायास येत होता. टाळ्या वाजवणाऱ्यांचे हात एव्हाना मांडीवर स्वस्थ पडले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यांवर सरांना जे हवं होतं ते हळूहळू उमटायला लागलं : हा माणूस खरं सांगतोय.

अबोलीने पाठ वळवून तिची नळी क्षणात भरून दिली.

दोन्ही नळ्या बाहेरच्या प्रयोगशाळेत गेल्या आणि निकाल लागायचा तोच लागला. तिच्या नळीत काही नव्हतं. सरांच्या नळीत अख्खी वसाहत होती. अबोलीचं कार्ड परत आलं, कंत्राटही वाढलं. विभागात मात्र टाळ्यांचं सगळे विसरले आणि थुंकीचं कोणी विसरलं नाही.

जुन्या पेशी वाचण्यातल्या नव्हत्या. अबोलीने सगळ्या डिश हूडमध्ये, म्हणजे निर्जंतुक हवेच्या काचेच्या कपाटात, मांडल्या. सर दारात आले.

“मी ओतू का ब्लीच?”

“नको सर. तुम्ही तिथेच थांबा.”

ते तिथेच थांबले. तिने एकेका डिशमध्ये ब्लीच ओतलं आणि गुलाबी पाण्याचा रंग उडाला. ती कोणत्याच डिशकडे दोनदा बघत नव्हती. शेवटची ओतण्याआधी मात्र तिने ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली, जरा वेळ बघितली, आणि मग ओतली.

नंतर तिने व्हरांड्यात येऊन नव्या पेशी पाठवणाऱ्या कंपनीला फोन लावला. थोडं बोलून तिने फोन सरांपुढे धरला.

“आधीच्या पेशी कशाने गेल्या विचारताहेत, सर.”

सरांनी फोन घेतला. व्हरांड्यात चहाची वेळ होती, निम्मा विभाग कप घेऊन उभा होता.

“माझ्यामुळे गेल्या,” ते हळूच म्हणाले.

“कशा सर?”

“बोलून.”

“काय झालं? आवाज येत नाहीये सर, जरा मोठ्याने सांगा ना!”

सरांनी एकदा अबोलीकडे बघितलं. ती फोन परत घ्यायला हात पुढे करणार नाही, हे त्यांना कळलं. मग त्यांनी घसा साफ केला आणि मोठ्याने सांगितलं.