चार तोंडांच्या मनोऱ्याखाली

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी एक जुने गजराचे घड्याळ आहे आणि माझा गजर जरा खोकतो. दोनदा ट्रिंग झाले की मध्येच घरघर होते, मग पुन्हा ट्रिंग. कारखान्यातून निघाले तेव्हा मी अशी नव्हते.

एका नर्सबाईंनी मला विकत घेतले. तीस वर्षे त्यांना ड्यूटीसाठी मीच उठवले. "या घड्याळामुळे माझी नोकरी टिकली," असे त्या सांगत, तेव्हा मला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखे वाटे. पुढे मोबाइल आला आणि मी कपाटाच्या खणात गेले. माझी स्प्रिंग तुटली, तरी कुणाला पत्ता नव्हता.

बाई निवृत्त झाल्या. मुलगा दिवसभर कामावर, घर खायला उठे. मग त्यांनी मला बाहेर काढले आणि जुनी घड्याळे दुरुस्त करणाऱ्यांच्या एका ऑनलाइन गटात माझा फोटो टाकला. 'लंबक' नावाच्या कुणीतरी टपालाने स्प्रिंग पाठवली. 'काटेकाकां'नी ती बसवायला शिकवले. 'ठोकाताईं'नी माझा गजर मोबाइलवर ऐकून कळवले, "खोकला राहू दे, गोड आहे!" दोन वर्षे चौघांच्या रोज गप्पा चालल्या. शेवटी मोठ्या शहरात भेटायचे ठरले. जागा, वेळ, परतीची गाडी, सगळे पक्के झाले. पण चेहरे कुणीच पाहिले नव्हते, कारण प्रत्येकाने स्वतःच्या फोटोच्या जागी घड्याळच लावले होते!

"आई, तिथे कोणी आलंच नाही तर?" मुलाने विचारले.

"तर गट सोडते. परत नाव काढणार नाही," बाई म्हणाल्या. म्हणजे माझी रवानगी पुन्हा कपाटाच्या खणात!

चौकातल्या मनोऱ्यावरच्या मोठ्या घड्याळाखाली, अकरा वाजता. बाई मला पिशवीत घालून वेळेआधीच पोचल्या. अकरा वाजून गेले. ओळख दाखवणारे कोणीच नाही. मोबाइलवर लंबकचा निरोप आला, "मी घड्याळाखालीच आहे. तुम्ही कुठे?"

"मीही तिथेच!" बाईंनी लिहिले.

काटेकाकांनी लिहिले, "इथे तर कोणी नाही. तसे अकराला अजून तीन मिनिटे आहेत म्हणा."

बाईंनी वर पाहिले. अकरा वाजून चार मिनिटे! "हा माणूस चक्क खोटं बोलतोय," त्या पुटपुटल्या आणि जायला निघाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

तेवढ्यात ठोकाताईंचा निरोप आला, "नर्सबाई, खरेच आला असाल तर गजर वाजवा."

बाईंनी मला बाहेर काढून चावी दिली. मी जीव तोडून वाजले. खोकलेसुद्धा.

"अहो, हाच तो खोकला!" कोपऱ्याआडून कुणीतरी ओरडले. मग एकामागून एक तिघेही धावत आले. मनोऱ्याला चार बाजू होत्या, चारही बाजूंना घड्याळ होते, आणि प्रत्येकजण आपापल्या घड्याळाखाली इमानेइतबारे उभा होता. त्या चार घड्याळांचे एकमेकांशी मुळीच जमत नव्हते.

"आपण चौघं घड्याळवाले, आणि एकालाही फेरी मारायचं सुचलं नाही!" काटेकाका कपाळावर हात मारून म्हणाले. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. बाईंनी मुलाला फोन लावला. "अरे, आहेत! तिघंही आहेत!" एवढेच बोलता आले त्यांना. मी मनातल्या मनात हुश्श केले.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना अधूनमधून चावी देत जा, एवढे मागणे आहेच. पण त्याहून मोठे एक आहे. ज्याची वाट पाहताय तो दिसला नाही, तर त्याला खोटा ठरवून परत फिरू नका. आधी एक कोपरा वळून बघा. तोही तुम्हाला खोटे समजून निघायच्या बेतात असेल.