पिवळं केळं

आधी आवाज आला. माणूस नाही, नुसता आवाज. हात पुढे केला तर आपलीच बोटं दिसत नव्हती, अशा धुक्यात माणूस कुठून दिसणार?

"कोण?" पहाऱ्यावरच्या सुतारानं विचारलं.

"पिवलं केलं."

सुताराचं बोट चापावर गेलं आणि तिथेच अडकलं.

*

हे केळं तुकडीत कुठून आलं, ते आधी सांगायला हवं. पलीकडच्या डोंगरावरच्या चौकीत शत्रू आपल्याच गणवेशात चालत आला, 'आपलेच आहोत' म्हणाला, आणि चुलीवरचं पाणी उकळायच्या आत चौकी कापून काढली. तेव्हापासून इथे पाठीमागे कुणी उभं राहिलं की मान आपोआप वळायची. मामांनी, म्हणजे तुकडीच्या म्होरक्यानं, परवलीचा शब्द ठरवला: पिवळं केळं. शत्रूची जीभ ळला वळत नाही. ल ऐकू आला की गोळी. दुसरा प्रश्न नाही.

आचारी म्हणाला, मामा, उपाशी माणसांच्या तोंडात नुसतं नाव घालता, पाप लागेल. हसले सगळे. पण हसता हसता एकमेकांच्या जिभेकडे कान होते.

*

आवाज दाजींचा होता. सुताराच्या ताईचा नवरा, तुकडीतला सुरुंगवाला. एकटेच पूल उडवायला गेले होते. स्फोट ऐकू आला, दाजी आले नाहीत.

पण दाजींना ळ येतो. लहानपणी ल म्हणायचा तो सुतार. ताईनं ते लग्नानंतर नवऱ्याला सांगितलं आणि दाजींना जन्मभराची चेष्टा मिळाली. 'मेव्हणे, केलं खाणार का?'

मग ही चेष्टाच? बंदुकीसमोर? दाजींचा काही भरवसा नाही.

की दाजी फुटले?

शेजारी पालथे पडलेले मामा कुजबुजले, "ल ऐकलास ना? झाड गोळी."

"आवाज दाजींचा आहे."

"म्हणून तर."

*

सुतारानं दुसरा प्रश्न विचारला.

"दाजी, उंची वाढली का?"

दाजी ताईपेक्षा बोटभर बुटके. लग्नाच्या फोटोत विटेवर उभे आहेत, आणि हा विषय कुणी काढला तर ताटावरून उठतात.

धुक्यातून उत्तर आलं.

"वाढली, मेव्हणे. डोक्याच्या चांगली वर गेली."

कड्यावरची वाट सपाट, एकामागे एक चालावं इतकीच रुंद; दाजींच्या मागे कुणी असेल तर त्यांच्याहून उंचच. फळी सरळ आहे का बघताना सुतार एक डोळा मिटायचा, तसा त्यानं मिटला. आवाज आला त्याच्या वीतभर वर नळी धरली आणि चाप ओढला.

काहीतरी जड दरीत गेलं. बूट पळाले. नंतर काहीच नाही. सुतार ओठ चावत थांबला. वीतभर म्हणजे नेमकं किती, हे आता त्याला आठवेना.

"पिवळं केळं," जमिनीलगतून आवाज आला. शाळेतल्यासारखा स्वच्छ ळ.

*

गुहेत दाजींनी पाणी मागितलं. मामांनी स्वतः पाजलं. शत्रूनं बांधलेली हातांची दोरी मात्र सोडली नाही. शत्रूला शब्द कसा कळला, तेवढं सांगा म्हणाले.

"मीच सांगितला. ल लावून. त्यांना ळ बोलता येत नाही, मामा, तसा ऐकूही येत नाही. मी चुकीचा बोलतोय हे त्यांना कळलंच नाही."

मामा म्हणाले, गोष्ट चांगली आहे. खरी आहे, असं म्हणाले नाहीत.

शेवटी दोरी आचाऱ्यानं सोडली. मामांनी एकेकाच्या कानात नवा शब्द सांगितला. दाजींपाशी आले आणि पुढे गेले. दाजी बुटाची नाडी बांधत होते. बांधलेलीच होती.

मग ते ओढ्यावर तोंड धुवायला निघाले. परतताना पहाऱ्यावरचा माणूस शब्द विचारणार, हे त्यांनाही माहीत होतं.

सुतारानं बंदूक खांद्याला अडकवली. "थांबा, मलाही तोंड धुवायचंय," म्हणाला.

परत येताना सुतार पुढे होता. शब्द त्यानं सांगितला. दोघांना एकच पुरला.